विज्ञानकथेतल्या कल्पनेचं श्रेय कुणाला? तपासून लिहायची रीत

‘पाणबुडीचा शोध ज्यूल व्हर्न यांनी लावला.’ ‘मोबाइल आधी स्टार ट्रेकमध्ये शोधला गेला.’ ‘अणुबॉम्ब वेल्स यांनी आधीच सांगून ठेवला होता.’ २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की अशी वाक्यं भित्तीपत्रकांवर यायला लागतात. वसमतच्या एका शाळेचं ग्रंथालय मी सांभाळते, आणि ही भित्तीपत्रकं भिंतीवर जाण्याआधी माझ्या टेबलावर येतात. लेकरांचा दोष नसतो, मोबाइलवर जे फिरतं तेच त्यांनी उतरवलेलं असतं. पण अशा एका वाक्यात दोघांवर अन्याय होतो. ज्याने खपून यंत्र उभं केलं त्याचं नाव पुसलं जातं. आणि लेखकाने खरोखर जे दिलं तेही झाकलं जातं, कारण आपण त्याला भविष्य सांगणारा करून टाकतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना श्रेय मिळालंच पाहिजे, पण कशाचं ते नेमकं लिहून, असं माझं ठाम मत आहे. ते कसं तपासायचं आणि कसं लिहायचं, ते इथे सांगते. शिक्षकांना, वाचक मंडळांना आणि वक्तृत्वाची तयारी करणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल.

पुस्तकात नेमकं काय आहे?

पहिलं काम म्हणजे ‘शोध लावला’ हे शब्द खोडायचे आणि त्या जागी पुस्तकात जे आहे ते लिहायचं. त्यासाठी पुस्तक हातात घ्यावं लागतं. अख्खं नाही जमलं तर ते प्रकरण तरी वाचा. लेखकाने यंत्राचं नुसतं वर्णन केलंय, की ते कसं चालेल हेही सांगितलंय? आकडे दिलेत का? की नुसती इच्छा बोलून दाखवलीय?

मग साल मांडायचं. व्हर्न यांची नॉटिलस पाणबुडी वाचकांसमोर आली १८६९-७० मध्ये. पण रॉबर्ट फुल्टन यांनी फ्रान्समध्ये १८०० साली पाणबुडी बांधली होती, आणि तिचं नावही नॉटिलसच होतं. फ्रेंच नौदलाची ‘प्लोंजर’ १८६३ मध्ये पाण्यात उतरली आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात व्हर्न यांनी तिची प्रतिकृती पाहिली. म्हणजे पाणबुडी आधी होती, कादंबरी नंतर. मग व्हर्न यांचं काय? सगळी कामं विजेवर चालणारी, महिनोन् महिने माणसं ज्यात राहू शकतील अशी समुद्राखालची बोट त्यांनी इतकी खरी रंगवली की सायमन लेक नावाच्या अमेरिकन मुलाने ती वाचली आणि मोठेपणी तो पाणबुड्या बांधणारा झाला. हे लेक यांनी स्वतः सांगितलंय. माझ्या दृष्टीने हे श्रेय ‘शोध लावला’पेक्षा मोठं आहे, कारण ते खरं आहे आणि दाखवता येतं.

सालं तपासायला पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, तालुक्याच्या वाचनालयात त्याचे खंडही असतात. पेटंट गूगल पेटंट्सवर नंबर टाकून उघडतं. मुलांना मी पहिला नंबर देते तो अमेरिकेचा २९८८२३७. जॉर्ज डेव्होल यांनी १९५४ मध्ये अर्ज केला, १९६१ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी त्यावरून बनलेला ‘युनिमेट’ हा यंत्रमानवी हात जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. पेटंटचं शीर्षक अगदी रुक्ष आहे, वस्तू ठरल्या क्रमाने इकडून तिकडे हलवण्याचं यंत्र एवढंच. आकृत्या पाहिल्या की मुलांना कळतं, गोष्टीतला रोबो आणि कारखान्यातला हात यांच्यामध्ये किती कागद, किती सुटे भाग आहेत.

बनवणाऱ्याने ते वाचलं होतं का?

गोष्ट आधी आणि यंत्र नंतर, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. गोष्टीपासून यंत्रापर्यंतची वाट दाखवता आली पाहिजे. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे बनवणाऱ्याचं स्वतःचं सांगणं. युनिमेट बाजारात आणणारे जोसेफ एंगेलबर्गर हे आयझॅक असिमॉव्ह यांच्या रोबोकथांनी भारावले होते, हे ते उघड सांगत. त्यांच्या १९८० च्या रोबोटिक्सवरच्या पुस्तकाला प्रस्तावना असिमॉव्ह यांचीच आहे. टेसर हे विजेचा झटका देणारं हत्यार बनवणारे जॅक कव्हर यांनी तर लहानपणी वाचलेल्या, टॉम स्विफ्ट या काल्पनिक नायकाच्या १९११ च्या पुस्तकावरून, ‘टॉमस ए. स्विफ्टची इलेक्ट्रिक रायफल’ अशा आद्याक्षरांनी, हत्याराचं नावच ठेवलं.

याउलट मोबाइलचं बघा. मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनने पहिला कॉल केला. स्टार ट्रेक बघून त्यांना हे सुचलं, असं जगभर छापलं जातं. पण कूपर यांनीच नंतरच्या मुलाखतींत चित्रकथेतल्या डिक ट्रेसीच्या मनगटी रेडिओचं नाव घेतलंय. शिवाय शहराचे छोटे छोटे विभाग पाडून प्रत्येक विभागाला स्वतःचा टॉवर द्यायचा, ही ज्यावर अख्खं मोबाइलचं जाळं उभं आहे ती मांडणी बेल लॅब्जमध्ये १९४७ सालीच कागदावर होती. टीव्हीवरची ती मालिका १९६६ ची. म्हणून बनवणाऱ्याची एकच मुलाखत वाचून थांबू नका, मागची-पुढचीही शोधा.

या वाटेचं माझ्या माहितीतलं सगळ्यात ठळक उदाहरण लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाचं. त्यावर मी मुलांना एक अख्खा तास देते. एच. जी. वेल्स यांनी १९१४ च्या कादंबरीत अणुबॉम्ब आणला. विमानातून हाताने टाकायचा, आणि पडल्यावर दिवसेंदिवस जळत राहणारा. खऱ्या अणुबॉम्बसारखा तो अजिबात नाही. आणि वेल्स यांनी ही कल्पना हवेतून काढलेली नव्हती. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाचं रेडियमवरचं पुस्तक त्यांनी वाचलं होतं, कादंबरी त्याच पुस्तकाला अर्पण केली होती. वेल्स यांनी आपलं देणं असं फेडलंय, ते मुलांना आवर्जून दाखवते. पुढे १९३२ मध्ये झिलार्ड यांनी ती कादंबरी वाचली. त्याच वर्षी जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. सप्टेंबर १९३३ मध्ये लंडनमध्ये, अणूतून ऊर्जा काढणं ही निव्वळ बाष्कळ गोष्ट आहे, असं अणूचे नामवंत अभ्यासक रदरफोर्ड यांचं मत वर्तमानपत्रात आलं. ते वाचून चिडलेल्या झिलार्ड यांच्या डोक्यात साखळी प्रक्रियेची, म्हणजे एका अणूच्या फुटण्यातून पुढचे अणू फुटत जाण्याची, कल्पना आली. १९३४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

आता वेल्स यांचं श्रेय कशाचं? साखळी प्रक्रियेचं नाही, ती कादंबरीत नाहीच. झिलार्ड यांनी ते पेटंट ब्रिटिश नौदलाकडे सोपवून गुप्त ठेवलं. का, तर याचा शेवट कशात होऊ शकतो हे त्यांना वेल्स वाचल्यामुळे ठाऊक होतं, असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. यंत्र तयार होण्याच्या दहा-अकरा वर्षं आधी एका शास्त्रज्ञाच्या मनात त्याच्या परिणामाची धास्ती एका कादंबरीने घातली होती. वेल्स यांच्या नावापुढे मी हेच लिहायला सांगते.

उलटी वाट तपासायला विसरू नका

मराठवाड्यातल्या माणसाला ढगातून पाणी काढण्याची गोष्ट सांगायला उदाहरण लांब शोधावं लागत नाही. २०१५ च्या दुष्काळात औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) चिकलठाणा विमानतळावरून ढगांत रसायन फवारणारं विमान उडत होतं. ‘पाऊस पाडणारं इमान’ आज कुणाच्या शिवारावरून गेलं, याच्या चर्चा तेव्हा पारावर चालायच्या. पुढच्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिण्यांत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्यासाठी ढगातून पाणी काढणं ही गोष्टीतली गंमत राहत नाही.

ढगातून पाणी काढायची कल्पना कथेत कुणी आणली? बेगम रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ च्या कथेत. मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती छापली गेली. त्यात बायकांच्या विद्यापीठातल्या संशोधक नळ्या लावलेला फुगा ढगांवर तरंगत ठेवतात आणि हवं तेवढं पाणी ओढून घेतात. दुसऱ्या विद्यापीठातल्या बायका सूर्याची उष्णता साठवतात. मुलींना ही कथा वाचून दाखवली की त्या लगेच म्हणतात, ‘बाई, मग कृत्रिम पावसाचं श्रेय यांनाच द्यायचं!’ इथे माझंही मन तिकडेच ओढ घेतं, तरी मी हात आखडता घेते. १९४६ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांनी कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या थेंबांच्या, ढगात बर्फाचे कण करून दाखवले, १३ नोव्हेंबरला विमानातून खऱ्या ढगावर प्रयोग केला. त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा असाच बर्फाचे कण बनवण्याचा गुण सापडला. यांपैकी कुणी ती कथा वाचल्याचा पुरावा नाही. प्रत्येक कल्पनेसाठी मुलं एक कार्ड लिहितात, त्यावर इथे लिहायचं ते असं: ‘पाणी आणि ऊर्जा हे प्रश्न विज्ञानाने आणि बायकांच्या बुद्धीने सुटतील, हे १९०५ साली एका भारतीय लेखिकेने कथेत मांडलं.’ त्यात कृत्रिम पावसाचा उल्लेखही नको. त्या वाक्याने बाईंची उंची तसूभरही कमी होत नाही.

आता उलटी वाट, म्हणजे प्रयोगशाळेतून गोष्टीकडे जाणारी. हे बर्नार्ड म्हणजे कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांचे थोरले भाऊ. कर्ट यांनी त्याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात काही वर्षं नोकरी केली. त्यांच्या १९६३ च्या कादंबरीत साध्या तापमानाला गोठणारा आणि लागेल त्या पाण्याला गोठवत जाणारा बर्फ आहे. तो सुचला कुणाला? शेफर आणि बर्नार्ड ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या नोबेलविजेत्या अर्व्हिंग लँगम्युअर यांना. १९३० च्या दशकात वेल्स प्रयोगशाळा बघायला आले, तेव्हा त्यांना गोष्टीसाठी विषय म्हणून लँगम्युअर यांनी ही कल्पना सांगितली. वेल्स यांनी ती वापरली नाही, ती कंपनीत राहिली आणि कर्ट यांच्या हाती लागली. प्रयोगशाळेतून गोष्टीत आलेली कल्पना उद्या एखाद्या यंत्रात दिसली, तर श्रेय लिहिताना लँगम्युअर यांचं नाव आधी यायला हवं. प्रत्येक कार्डाच्या मागे मी म्हणूनच एक प्रश्न लिहायला लावते: लेखकाला हे कुणी सांगितलं?

मधलं काम कुणी केलं?

विहिरीला पाणी लागलं की गावात पाणाड्याचं नाव होतं, खडक फोडणाऱ्यांना कुणी विचारत नाही. हे आपल्या विषयात होऊ द्यायचं नाही.

यासाठी मुलांना गच्चीवर पाठवा. गल्लीतल्या टीव्हीच्या डिश बघायला सांगा. सगळ्या दक्षिणेच्या अंगाला वळलेल्या, वर आकाशाकडे रोखलेल्या आणि वर्षानुवर्षं तशाच. उपग्रह फिरतो, मग डिश का फिरवावी लागत नाही? कारण विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा. अशा तीन उपग्रहांवरून जगभर संदेश पोचवता येतील, हे आर्थर सी. क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडलं.

इथे दोन गोष्टी नीट नोंदवा. ते लेखन विज्ञानकथा नव्हतं, तांत्रिक लेख होता. म्हणून ‘कादंबरीतून आलेला उपग्रह’ हे वाक्य चूक. आणि ही कक्षा त्यांच्याआधी हर्मन पोटोचनिक यांच्या १९२९ च्या अंतराळप्रवासावरच्या पुस्तकात आहे. क्लार्क यांनी तिचा दूरसंचारासाठीचा उपयोग पूर्ण हिशोबासह मांडला, ते श्रेय त्यांचं. पण त्यांच्या मांडणीत उपग्रहावर माणसं राहणार होती, कारण तेव्हाच्या रेडिओ यंत्रांतल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) बदलायला कुणीतरी लागलंच असतं. माणसाविना चालणारा हलका उपग्रह बनवला तो ह्यूज कंपनीतल्या हॅरल्ड रोझेन यांच्या गटाने. १९६४ चा सिनकॉम-३ हा आकाशात एका जागी स्थिर राहिलेला पहिला उपग्रह. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. आपल्या सीमेपलीकडच्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावं त्यात होती, मराठवाडा नव्हता. आपल्या इस्रोच्या अभियंत्यांनी त्याच काळात क्लार्क यांच्या कोलंबोच्या घरीही एक मोठी डिश बसवून दिली. हे मला फार आवडतं. कल्पना मांडणाऱ्याला ती चालू झालेली त्याच्या घरी नेऊन दाखवायची, याहून चांगलं श्रेय कोणतं असेल?

पैशाचं विचारलं तर उत्तर छोटं आहे. क्लार्क यांनी पेटंट घेतलं नाही, आणि या हुकलेल्या कमाईवर पुढे एक लेखही लिहिला. कायद्याने नुसत्या कल्पनेवर मालकी मिळत नाही. कॉपीराइट असतो तो मांडणीवर, पेटंट मिळतं ते चालणाऱ्या युक्तीवर. हे मला योग्य वाटतं. प्रत्येक स्वप्नावर कुंपण पडलं तर पुढच्याने काय बांधायचं? पण नाव घ्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून नाव चुकवायला सबबही नाही.

लेखकाने प्रश्न विचारला असेल तर

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले सूक्ष्म तरंग, टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहतेय. हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना हे नाव ठाऊक असतं. या लहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत, आणि त्याबद्दल २०१७ चं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत किप थॉर्न होते. याच थॉर्न यांना १९८० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आपल्या कादंबरीसाठी विचारलं होतं: दूरच्या ताऱ्यापर्यंत झटकन पोचायचा मार्ग भौतिकीच्या नियमांत बसेल असा सुचवता का? कादंबरी १९८५ मध्ये आली. तो प्रश्न मात्र थॉर्न यांच्या डोक्यात राहिला, आणि १९८८ मध्ये त्यांनी मायकेल मॉरिस यांच्यासोबत कृमिविवरांवर (अवकाशातल्या दूरच्या दोन जागा जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्यांवर) शोधनिबंध लिहिला. प्रेरणा कादंबरीची, हे त्यांनी लपवलं नाही. प्रश्न विचारण्याचं श्रेय वेगळं नोंदवा. पुष्कळदा तेच सगळ्यात मोलाचं असतं.

पुष्पक विमानाचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो टाळायचा नाही. कसोटी तीच लावायची. उडण्याची ओढ आपल्या कवींनी किती सुंदर मांडली, याचं श्रेय त्यांना पूर्ण द्या. विमानविद्येचं प्राचीन शास्त्र म्हणून जो ग्रंथ पुढे केला जातो तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये तपासला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं त्यांनी दाखवलं. घरच्या माणसासाठी माप सैल केलं तर व्हर्न-वेल्स यांना लावलेलं मापही खोटं ठरतं.

कार्ड कसं लिहायचं

एका कल्पनेला एक कार्ड. वाक्यात लेखकाचं नाव, साल आणि एकच क्रियापद: रंगवलं, विचारलं, सुचवलं, नाव दिलं, सावध केलं. त्याच्याखाली बनवणाऱ्याचं नाव, साल आणि त्याने सोडवलेली अडचण. दोघांना जोडणारा पुरावा असेल तर तो, नसेल तर ‘संबंध सापडला नाही’ असं स्वच्छ लिहायचं. ‘प्रेरणा घेतली असावी’ असली वाक्यं मी खोडते.

गेल्या विज्ञान दिनाला सगळ्यात जास्त खोडाखोड झाली ती जयंत नारळीकरांच्या कार्डावर, कारण मे २०२५ मध्ये ते गेल्यापासून सगळ्यांनाच त्यांच्याबद्दल मोठं काहीतरी लिहायचं होतं. ‘नारळीकरांनी लायगोचं भाकीत केलं’ असं एकाने लिहून आणलं. आम्ही तपासत गेलो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. म्हणजे आपल्या मोठ्या नावाचं श्रेय गोष्टीला मिळू नये, ही काळजी त्यांनी स्वतःच घेतली होती. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था १९८८ मध्ये त्यांनी उभी केली, आणि औंढ्याच्या लायगोत ज्या संस्था काम करताहेत त्यांत आयुका आहे. कार्डावर शेवटी दोन ओळी राहिल्या: ‘कृष्णविवर मराठी वाचकाच्या घरात गोष्टीतून नेलं. लायगो-इंडियात काम करणारी एक संस्था स्थापन केली.’ पहिली ओळ लेखकाची, दुसरी शास्त्रज्ञाची. मधे रेघ मारलीय, ती पुसू नका असं मुलांना सांगून ठेवलंय.